शटरवरचा तिसरा घाव

बावीस वर्षं तो घण मारत आला होता. लोहारकामाच्या त्या लांबट, काळ्या खोलीत ऐरणीच्या एका अंगाला थोरला भाऊ बसायचा, दुसऱ्या अंगाला हा उभा. थोरल्याच्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडी. तापलेल्या लोखंडावर हातोडी जिथे टकटक करी, तिथेच घण पडे. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. बापाने दोघांना शिकवताना सांगितलं होतं, "घणवाल्याने टकटक ऐकायची. डोकं चालवायला भाऊ आहे." याने ते इतकं मनावर घेतलं की लग्नाची मुलगीसुद्धा दादानेच पसंत केली. बायको चिडली की म्हणायची, "भाऊजींना विचारून या, मग माझ्याशी भांडा." तो नुसता हसायचा. अंगात बैलाचं बळ, पण त्या बळाचा आजवर कुणाला धक्का लागला नव्हता. सगळी गल्ली त्याला घण्या म्हणायची, आणि हाक मारताना कुणी कधी घाबरलं नव्हतं.

टाळेबंदीचा विसावा दिवस उजाडला तेव्हा घरातला पिठाचा डबा दोन दिवस पालथा पडला होता. दोन्ही पोरी साखरेचं पाणी पिऊन निजल्या होत्या आणि झोपेतही तोंड हलवत होत्या. बायकोने पिशवी त्याच्या हातात दिली.

"आज पिठाशिवाय येऊ नका. आणि दादांच्या तोंडाकडे बघत बसू नका, आपला नंबर आपण धरायचा."

दुकान सकाळी दोन तास उघडायचं. रस्त्यावर चुन्याने गोल आखले होते, एका गोलात एक माणूस. घण्याच्या मागच्या गोलात दादा, पुढच्या गोलात न्हावी.

"घण्या, तुला एक गोल पुरत नाही रे," न्हावी मास्कच्या आतून म्हणाला. "दोन माणसांची जागा खातोस."

"तू तुझं डोकं बघ. झुडूप झालंय. स्वतःचे केस कापायला कुणाची वाट बघतोस?"

रांग हसली. हसू माणसामाणसांतून पुढे सरकत गेलं आणि दुकानापाशी पोचता पोचता विझलं, कारण तिथे दुकानदाराने खाडकन शटर ओढून घेतलं होतं.

"माल संपला!" तो आतून ओरडला. "उद्या या!"

"संपला कसा?" दादा गरजला. "काल अख्खा ट्रक उतरलाय इथे. समोरच माझं दुकान आहे. आंधळा नाही मी!"

तेवढं पुरे झालं. चुन्याचे गोल पायांखाली पुसले गेले. कुणीतरी एका बाईला कोपर मारून पुढे घुसलं, तिच्या नवऱ्याने त्याची कॉलर धरली, कुणाचा तरी दात पडला. शटरवर दगड वाजू लागले. दादा रस्ता ओलांडून गेला, आपल्या दुकानाचं कुलूप काढलं आणि घण अन् हातोडी घेऊन आला.

"अरे दादा, आत माणूस आहे."

"आणि तुझ्या घरात कोण आहेत? धर!"

शटरच्या कड्या या दोघा भावांनीच घडवल्या होत्या. बाहेरून त्या दिसत नसत, पण दादाला ठाऊक होतं कुठली कडी कुठे बसली आहे. त्याने डाव्या कोपऱ्यात हातोडी वाजवली. टकटक. घण्याचे हात आपसूक वर गेले. पहिल्या घावात डावी कडी तुटली. उजवीकडे टकटक झाली, दुसऱ्या घावात उजवी. शटर मधोमध अडकून राहिलं. दादाने खालच्या पट्टीवर हातोडी वाजवली. टकटक.

घण वर होता तेवढ्यात आतून आवाज आला, "उघडतो, बाबांनो, उघडतो!" पट्टीखालून दुकानदाराची चार बोटं बाहेर आली.

घण्याने ती पाहिली. खरं सांगायचं तर नीट पाहिली. एका बोटात अंगठी होती, नखाला पीठ लागलेलं होतं. पण टकटक होऊन गेली होती, आणि टकटक झाल्यावर थांबायचं कसं, हे त्याच्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तिसरा घाव पडला.

ती किंकाळी माणसाची वाटली नाही. शटर वर उचललं गेलं आणि लोक ती किंकाळी तुडवतच आत शिरले. पोती फाटली, बरण्या फुटल्या, तेलात पाय घसरून माणसं एकमेकांवर पडली आणि पडल्या जागी चावू लागली. न्हावी, जो गिऱ्हाइकाला चुकून वस्तरा लागला तर तीनदा माफी मागायचा, तो खाली पडलेल्या दुकानदाराच्या बरगड्यांत लाथा घालत होता.

मागच्या खोलीचं लाकडी दार बंद होतं. दुकानदार रांगत तिकडे निघाला. "तिकडे नका जाऊ! आत आई आहे माझी, तापाने फणफणलीय. बायको आहे!"

"थापा मारतोय," दादा म्हणाला. "पोती आहेत आत. घण्या, ये इकडे." आणि त्याने दाराच्या बिजागरीवर हातोडी वाजवली.

घण खांद्यापर्यंत उचलला गेला. घण्याची नजर खाली गेली. दुकानदाराचा तो हात सांडलेल्या पिठात पडला होता आणि पीठ रक्त पीत होतं. चारही बोटं लाटल्यासारखी चपटी झाली होती.

"नाही," घण्या म्हणाला.

"काय?"

"नाही, दादा."

त्याने घण खाली ठेवला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. दादाने हातोडी बिजागरीवरून उचलली. मग हातोडी आली ती थेट खांद्यालगतच्या गळपट्टीच्या हाडावर. हाड मोडल्याचा आवाज घण्याने आपल्याच कानांनी ऐकला. मागोमाग बाकीचे आले. वजनमापं, बाटल्या, चपला, नखं, जे हाती लागलं ते. त्याची भुवई फाटली, ओठ फाटला. एक फटका परत दिला असता तर निम्मे पळाले असते. त्याने हात उचलला नाही. दार सोडलं नाही.

पोलिसांची गाडी आली, काठ्या बरसल्या, गर्दी फुटली. दादा खांद्यावर अर्धं पोतं घेऊन बोळात पळाला आणि शिपाई त्याच्या मागे.

दुकानात अचानक इतकं शांत झालं की सांडतं तेल ऐकू येऊ लागलं. घण्याच्या पाठीमागची कडी निघाली. दुकानदाराची बायको दारात उभी होती. तिच्या मागे खाटेवर म्हातारी खरंच पडली होती, डोळे मिटून, भराभर श्वास घेत. आणि खाटेच्या तिन्ही बाजूंनी, छतापर्यंत, पिठाची पोती रचलेली होती.

घण्या त्या पोत्यांकडे बघत राहिला. दादाचं म्हणणंही खरं होतं आणि म्हातारीचा तापही खरा होता.

"वहिनी," तो म्हणाला, "दहा किलो पीठ हवं होतं."

"याला देऊ नकोस!" दुकानदार जमिनीवरून ओरडला. "यानेच मारला घण! यानेच!"

"हो. मीच मारला." घण्याने तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. "पोलीस परत येतील तेव्हा तसंच सांगा. मी पळणार नाही. पोरी दोन दिवस उपाशी आहेत, पीठ घरी ठेवून इथेच येतो. यांना दवाखान्यात मीच नेईन हातगाडीवर."

बाईने आधी नवऱ्याच्या हाताला पदर गुंडाळून घट्ट बांधला. मग एक पोतं उसवलं. निम्मं पीठ पिशवीबाहेर पडत होतं. तिने वजन केलं नाही. पिशवी गच्च भरली आणि त्याच्यापुढे आदळली.

"लवकर ये मेल्या," ती म्हणाली. "रक्त थांबत नाहीये यांचं."

घण्याने पिशवी शाबूत खांद्यावर टाकली आणि तो धावत सुटला.