अस्तरातले हिरे

सौदीतल्या यान्बूत आमच्या समोर राहणाऱ्या रत्नागिरीच्या आपा कुठल्याही विषयावरून रशियाच्या झारच्या दागिन्यांवर घसरतात. मीठ मागायला जावं, तर मोबाईलवर राणीचे मुकुट बघावे लागतात. "झारच्या पोरींनी कपड्यांच्या अस्तरात हिरे शिवलेले, भाभी!" हे ऐकून माझे कान किटलेत. "तरी मेल्याच ना?" मी एकदा वैतागून म्हणालेसुद्धा. स्वतःचा सोन्याचा डबा आपा उशाशी घेऊन झोपतात.

परवा बिल्डिंगमध्ये आगीचा अलार्म वाजला. मी बाजारातून धावत आले, तर जिना उतरता न येणाऱ्या माझ्या सासूबाईंना आपांनी धरून खाली आणलेलं.

"आपा, तुमचा डबा?"

"वरच राहिला. थांबा भाभी, यांना राणीच्या मुकुटाचं सांगून व्हायचंय."