टॅब दाबला की टकाचोर

ताई हिंगणीला शाळेत शिकवते आणि सुट्टीत बोरच्या जंगलातले फोटो काढते. कॉम्प्युटरवर फोटोंची नावं बदलायला मी तिला एक कमांड लिहून दिली होती, पण टाइप करताना ती चुकायची. म्हणून एका रविवारी मी तिच्या वहीतली पक्ष्या-प्राण्यांची सगळी नावं त्यात घातली. पहिली अक्षरं लिहून कीबोर्डवरचा टॅब दाबला की उरलेलं नाव आपोआप यायचं.

तिनं ‘नील’ लिहून टॅब दाबला. नीलकंठ आणि नीलगाय, दोन्ही नावं दिसली. ती हसायला लागली. ‘टका’ला मात्र काहीच आलं नाही.

“याच्यात टकाचोर काऊन नाई?”

“तुह्या वहीतच नाई, ताई.”

मी तो पक्षी लगेच घातला. पुन्हा टॅब दाबताच नाव पूर्ण झालं. ताईनं आईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं आणि तिलाही टॅब दाबायला लावला.