सुहासिनीबाईंनी नापास केलेली बोट

"बायकांना यंत्रातलं काय कळतं" असं कुणी म्हटलं, तर सुहासिनीबाई देशकर भांडत नसत. एवढंच विचारत, "तुमच्या स्कूटरचं मागचं चाक किती दिवसांपासून वाजून राहिलं, भैया?" बोलणारा गप्प. कारण चाक खरंच वाजत असायचं आणि ते त्याला स्वतःला अजून ऐकू आलेलं नसायचं.

हा कान त्यांनी कमावलेला होता. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात बाईंनी तेहतीस वर्षं तपासणी विभागात काढली. ओतीव लोखंडाचा भाग साखळीला टांगायचा, लहान हातोडीनं टकटक करायची आणि ऐकायचं. भाग धड असला की खणखणीत वाजतो. आत चीर असली, पोकळी असली की आवाज बसतो. आवाज बसलेल्या भागावर लाल रंगाची फुली मारायची, म्हणजे तो चुकून पुढे जाऊन कुणाच्या जिवावर बेतायला नको. मोठमोठे साहेब येऊन "मॅडम, इतना तो चलता है" म्हणून गेले. बाईंनी एकदा मारलेली फुली कधी पुसली नाही.

पण ही सत्ता कारखान्याच्या फाटकापर्यंत. शहराच्या गढा भागातल्या त्यांच्या घरात फुली चालत नसे, तिथे भय्यासाहेबांचा नारळ चाले.

भय्यासाहेब म्हणजे मोठे दीर. देशकरांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत नागपूरकडून इकडे आले. त्या चाकरीतलं आता काही म्हणता काही उरलं नाही, पण "देशकरांचा शब्द" तेवढा उरला आणि तो भय्यासाहेबांकडे आला. त्यांची रीत मोठी अजब. घरात काही घ्यायचं ठरलं की आधी विकणाऱ्याला शब्द द्यायचा, मग मुहूर्त काढायचा, मग वस्तूवर शेंदराचं स्वस्तिक काढून नारळ फोडायचा, आणि हे सगळं झाल्यावर वस्तू नीट पाहायची. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आणि एकदा नारळ फुटला की सौदा पक्का. फुटल्या नारळावरून मागे फिरणं म्हणजे अपशकुन, आणि शब्दही गेला.

असाच नारळ फोडून नऊ वर्षांपूर्वी एक जुनी जीप घरात आली. बाईंना पहिल्याच फेरीत गिअरबॉक्सचा आवाज खटकला होता. पण मोठ्या दिरांसमोर कुठे बोला, म्हणून त्या गप्प बसल्या. महिन्याभरात घाट चढता चढता गिअरबॉक्स बसला, जीप मागे घसरली आणि एका दगडाला अडली म्हणून सगळे वाचले. मागच्या सीटवर सहा वर्षांची नात होती, चिन्मयी. त्या दिवसानंतर बाईंनी स्वतःला एक गोष्ट बजावून ठेवली होती. आपल्या कानाला कळलं आणि आपण बोललो नाही, असं पुन्हा व्हायचं नाही.

आता ती चिन्मयी पंधरा वर्षांची झाली. गेल्या थंडीत बरगी धरणाच्या पाण्यावर एक शिबिर भरलं होतं. बोटीच्या मागे दोरी धरून पाण्यावरून घसरत जायचं, पायात दोन लांब पट्ट्या घालून किंवा एका फळीवर बाजूला तोंड करून उभं राहून. पोरगी दुसऱ्या दिवशी फळीवर उभी राहिली. आजी काठावर डबा घेऊन बसली होती. "आजी, तू पण ये ना! डरती क्या है?" असं पोरीनं म्हणायला नको होतं. बाईंनी सलवार-कुर्त्यावर लाइफ जॅकेट चढवलं, सात वेळा तोंडघशी पडल्या आणि आठव्या वेळी अकरा मोजेपर्यंत पाण्यावर उभ्या राहिल्या. एकसष्टाव्या वर्षी! बाहेर आल्या तेव्हा नाकातून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"आपण आपली बोट घेऊ," त्या रात्रीच्या जेवणात म्हणाल्या. "जुनीच घेऊ, पण घरच्या सगळ्यांना बसता येईल अशी."

"या वयात लोक नर्मदेची परिक्रमा करतात, सुहासिनी," भय्यासाहेब म्हणाले.

"ती पायी करतात. मी पाण्यावरून करीन."

श्रीरंग, म्हणजे बाईंचे यजमान, वरणात बघत हसले. ते कुणासमोर मोठ्यानं हसत नाहीत.

बाईंनी मग एक वही केली. पट्ट्यांवर घसरायचं तर बोटीमागची लाट सपाट हवी, फळीवर उड्या मारायच्या तर लाट मोठी हवी आणि दोरी उंचावरून बांधलेली हवी. दोन्ही करायचं तर मधल्या प्रकारची बोट घ्यावी लागते. मागे शिडी हवी, म्हणजे दमलेलं माणूस वर चढू शकेल. आणि सगळ्यात महत्त्वाची बोटीची मागची फळी, म्हणजे तिची मागची उभी भिंत. इंजिन तिच्यावर टांगलेलं असतं, दोरीचा ओढाही तिच्यावरच येतो. वरून फायबर दिसतं, पण आत लाकूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरचा रंग तसाच चकाकत राहतो. वहीत या ओळीखाली बाईंनी दोनदा रेघ ओढली होती.

आणि भय्यासाहेबांनी काय केलं? वही न बघता गोहलपूरच्या एका सेठला फोनवर शब्द देऊन टाकला. "ओळखीतला माणूस आहे. परवा मुहूर्त आहे. कमानियाच्या बाजारातून नारळ आणि शेंदूर आणलाय मी."

गोहलपूरच्या त्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथल्या शेडमध्ये ट्रेलरवर अठरा फुटी बोट उभी होती. पांढरी शुभ्र, बाजूला निळा पट्टा, सीटवर नवीन रेक्झिन. चिन्मयी तर बघताक्षणी वेडी झाली. "आजी, कितनी मस्त है!"

"मक्खन है दीदी, मक्खन," सेठ म्हणाला. "इंजन को तो महीने भर से हाथ नहीं लगाया."

बाईंनी इंजिनाच्या अंगाला हात लावला. इंजिन कोमट होतं. खाली फरशी ओली होती आणि पाण्याचा पाइप घाईघाईनं कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता. म्हणजे देशकर मंडळी येण्याआधीच पाइपानं पाणी देत इंजिन चालवून गरम करून ठेवलं होतं, गार असताना ते काय नखरे करतं ते कुणाला दिसू नये म्हणून. वरून कीर्तन, आतून तमाशा! बाई तोंड उघडणार, तेवढ्यात भय्यासाहेबांनी बोटीच्या मागच्या फळीवर तेलात कालवलेल्या शेंदरानं स्वस्तिक काढलंसुद्धा.

"भय्यासाहेब, जरा थांबा. मला आधी बोट तपासू द्या."

"मुहूर्त टळून राहिलाय. नंतर तपास तू निवांत."

त्यांनी नारळ उचलला आणि बोटीला मान द्यायचा म्हणून मागच्या फळीच्या काठावरच दाणकन आपटला. नारळ फुटला. पाणी उडालं. सेठनं हात जोडले, भय्यासाहेबांनी हात जोडले, "चलो, शुभ हो गया!"

बाईंनी मात्र हात जोडले नाहीत. नारळ फुटण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, पण त्याच्याखाली फळीचा आवाज आला तो फक्त त्यांनी ऐकला. ओल्या गादीवर बुक्की मारावी तसा, भद्द.

नऊ वर्षांपूर्वीचा तो घाट आणि मागच्या सीटवरची सहा वर्षांची पोर एकदम डोळ्यांसमोर आली. या फळीवर इंजिन टांगलेलं असणार. याच फळीला दोरी असणार आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चिन्मयी. भर पाण्यात ही फळी फाटली तर? आणि बोलावं तर मोठे दीर समोर, सेठ समोर, फुटलेला नारळ समोर. चाळीस वर्षांत त्यांनी भय्यासाहेबांचा शब्द एकदाही मोडला नव्हता.

पूजेच्या पिशवीत दुसरा नारळ होता, घरच्या देवासाठी आणलेला. बाईंनी तो उचलला.

"तो काहून घेऊन राहिलीस?" भय्यासाहेब म्हणाले. "आणि बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतो, माहीत आहे ना?"

"फोडत नाही. वाजवून राहिले."

आणि त्यांनी वाजवला. बोटीच्या नाकापासून सुरुवात केली. ठक. ठक. ठक. बाजूला ठक, तळाला ठक. मागच्या फळीच्या डाव्या टोकाला ठक. मग जसजशा मधे आल्या, जिथे इंजिन टांगलं होतं तिथे, भद्द. भद्द. शिडीजवळ भद्द. आता तो आवाज बहिऱ्यालाही कळला असता.

"अरे दीदी, फायबर में ऐसी ही आवाज आती है!" सेठ म्हणाला.

बाईंनी मागे न बघता हात पुढे केला. श्रीरंगांनी खिशातून पेचकस काढून त्यांच्या हातावर ठेवला. घरून निघतानाच त्यांनी तो घेतला होता आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोची चाळीस वर्षांची ओळख अशी कधीकधी कामी येते.

शिडीचा एक स्क्रू काढायला त्यांना जोर लावावा लागला नाही, तो नुसता फिरत बाहेर आला. त्याच्यामागून तपकिरी, कुबट पाण्याची धार आली. त्या पाण्याबरोबर लाकडाचा भुगा आला, चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखा. धार स्वस्तिकावरून ओघळली आणि चिन्मयी दोन पावलं मागे सरकली.

"ही बोट आपण घेत नाही," बाई म्हणाल्या.

भय्यासाहेबांचा चेहरा लाल झाला. "नारळ फुटला आहे, सुहासिनी. फुटलेला नारळ पुन्हा जोडता येत नाही."

"मग खा ना! खोबरं खा, पाणी प्या. बोट काहून घ्यायची?"

"माझा शब्द गेला! चार लोकांत देशकरांचा शब्द गेला!"

"तुमचा शब्द गेला, भय्यासाहेब. पोरगी तर नाही ना गेली? जीपच्या वेळी मी गप्प बसले, तेव्हा दगड आडवा आला. भर पाण्यात दगड कुठून आणू मी?"

बाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी शेंदराच्या वाटीत बोट बुडवलं आणि मागच्या फळीवर, स्वस्तिकाच्या शेजारी, हातभर लांबीची ठसठशीत फुली मारली. तेलातला शेंदूर तो, पाण्यानं जातोय होय!

"ये क्या कर दिया आपने!" सेठ किंचाळला. "बोट मेरी है!"

"बोट आपकी, मुहर मेरी. किसी और के बच्चे को बेचने से पहले ये लकड़ी बदलवाना, भैया. नहीं तो मैं गली के मुँह पर कुर्सी डालकर बैठूँगी."

आणि त्या बसल्या असत्या. सेठलाही ते दिसलं असावं, कारण फुली पुसायला उचललेलं फडकं त्यानं परत खाली ठेवलं.

भय्यासाहेबांनी मग दोन महिने अबोला धरला. वरच्या मजल्यावरून खाली जेवायला येत, खाली मान घालून जेवत, वर जात. नातेवाइकांत कुजबुज झाली. दीपा नावाच्या नणंदेनं फोन करून सुनावलं, "वहिनी, मोठ्यांचा मान राखायला हवा होता." बाई म्हणाल्या, "मान राखला ना. त्यांना त्या बोटीत बसू दिलं नाही." आणि फोन ठेवून दिला. मनातून मात्र त्यांना लागलं होतं. हे त्या फक्त श्रीरंगांजवळ बोलल्या, तेही एकदाच.

बोट बघणं त्यांनी थांबवलं नाही. दर रविवारी वही, पेचकस आणि एक नारळ घेऊन निघायच्या. सात बोटी पाहिल्या, सातही नापास केल्या. कुणाचं तेल दुधाळ होतं, म्हणजे इंजिनात पाणी शिरलेलं. कुणाचं सुकाणू अर्धी फेरी फिरवावं तेव्हा कुठे ऐकायचं. आठवी बोट बरगीच्या काठावर एका गुरांच्या गोठ्याशेजारी पडली होती. मालकीणबाई गीतांजली, त्यांच्या यजमानांची बोट. हिरवा रंग उन्हानं पोपडे धरून निघालेला, सीट उंदरांनी कुरतडलेली. चिन्मयीनं नाक मुरडलं. पण इंजिन गार होतं, तिसऱ्या झटक्याला सुरू झालं, आणि मागची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत वाजली. बाईंनी वहीत एकच शब्द लिहिला, पास.

बोट ताब्यात घ्यायच्या दिवशी भय्यासाहेबांना कुणी बोलावलं नव्हतं. तरी ते आले. रिक्षातून उतरले, धोतराचा सोगा सावरत उतारावरून हळूहळू काठापर्यंत आले. हातात नारळ होता. एका नजरेनं त्यांनी त्या पोपडे धरलेल्या बोटीकडे पाहिलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलले.

"आधी तू वाजवून घे," ते म्हणाले आणि नारळ पुढे केला.

बाईंनी नारळ घेतला. क्षणभर त्यांचे डोळे भरून आले, पण ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही. बोट आदल्या रविवारीच पास झाली होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी बाईंनी नाकापासून सुरुवात केली. ठक. ठक. ठक. एकही इंच सोडला नाही. भय्यासाहेब भर उन्हात अर्धा तास डोक्यावर उपरणं धरून उभे राहिले आणि एकदाही मुहूर्ताचं नाव काढलं नाही.

मागच्या फळीशी पोचल्यावर बाई थांबल्या. भय्यासाहेबांनी नारळ परत घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि सगळ्या देशकरांसमोर, बाईमाणसाच्या हातानं, तो नारळ त्यांनी एका फटक्यात फोडला.