डायनासोरची खूण

ज्या माणसाला घरच्यांची हाकही ऐकू येत नाही, त्याचे कान कुणी नेले, हे तुम्ही कधी विचारलंत का? कोऱ्या कापडाला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, तेलाचा वास आला की मला सत्तरच्या दशकातला भिवंडीतला एक शुक्रवार आठवतो. शुक्रवारची सुट्टी म्हणून लूम बंद होते, बाबा घरी होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेत प्राचीन प्राण्यांवर बोलणार होते आणि बाबा ऐकायला येणार होते. शेठच्या कारखान्याच्या खडखडाटात सगळेच ओठांवरून बोलणं ओळखत, म्हणून त्या आवाजानं आलेला त्यांचा बहिरेपणा आम्हाला फार उशिरा कळला. मी "डायनासोर" म्हटलं, "मॅमथ" म्हटलं; ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. कान शाबूत होते तेव्हा हे शब्द त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. "बैल म्हन, घोडा म्हन, समजतं. ह्ये कंचं जनावर हाय?" आई चुलीपासून म्हणाली, "शेठचा पणजा हाय म्हनावं!" मी हसले, बाबांना ते कळलं नाही. मग मी घरात पडलेल्या कामगार मोर्चाच्या पत्रकामागे लांब मानेचं जनावर काढलं, हात उंच करून मनगट वाकवलं आणि तळहातावर फुंकर मारली: आता एकही उरला नाही. बाबांनी तसाच हात वाकवला, मान डोलावली. मग स्वतःच्या कानाला बोट लावून तळहातावर तशीच फुंकर मारली. आज मी स्वतः पत्रकं लिहिते, म्हणून सांगते: तुमच्या घरचं कुणी लूमवर जात असेल, तर आज त्याच्या पाठीमागे उभं राहून हळूच हाक मारा. त्यानं वळून पाहिलं नाही, तर त्याला घेऊन शेठच्या दारात जा आणि जाब विचारा.