विशेष वर्गाचे पेढे

प्राथमिक शाळेत नोकरी केलेल्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात, तसे ते आपोआप साठतात. निवृत्तीनंतर मैत्रिणी जमल्या की मी एक काढते आणि त्याच्यामागून दुसरा येतोच. दिल्लीतल्या आमच्या मराठी शाळेत मी झिरो पीरियडला, म्हणजे पहिल्या तासाच्या आधी, जो वर्ग घ्यायचे, त्याचेच किती सांगू!

त्या खोलीत दोन टेबलं होती. दाराजवळ वाचनात मागे पडलेली मुलं बसायची. खिडकीजवळ हुशार मुलं, म्हणजे स्वतःचा अभ्यास लवकर संपवून दुसऱ्यांच्या वेण्या ओढणारी! खोली एकच रिकामी होती, म्हणून दोघांची सोय एकत्र. बाहेर पाटी काय लावायची, असं मी आमच्या मुख्याध्यापिका पटवर्धन बाईंना विचारलं.

"नुसतं 'विशेष वर्ग' लिहा," त्या म्हणाल्या. "पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यावं!"

आणि लोकांनी घेतलं की समजून!

*

समीर मुलाणी खिडकीजवळचा. गणितं तोंडी सोडवणारा. त्याची आई नोएडाहून कॅब करून तडक शाळेत आली.

"मॅडम, माझ्या मुलाला विशेष वर्गात का घातलंत? त्याला काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही हो. जरा जास्तच आहे."

ती शांत झाली, पाणी प्यायली, उठून दारापर्यंत गेली. तिथून परत आली.

"जास्त म्हणजे? डॉक्टरांना दाखवायला हवं का?"

*

याच्या अगदी उलट कदमांचं. वडिलांची बदली झाली म्हणून साताऱ्याहून दिल्लीत आलेली सायली कदम तिसरीत होती आणि तिला वाचताच येत नव्हतं. मी तिला दाराजवळ बसवलं. झालं! रोज सकाळी शाळेत निघताना तिच्या पोटात दुखायला लागलं.

तिच्या वडिलांना सगळं नीट समजावून सांगावं म्हणून मी बोलावून घेतलं. कदम सरकारी कार्यालयात होते. मी नुसतं 'विशेष वर्ग' एवढंच म्हटलं, तर गृहस्थांनी दाराशी मान खाली घालून उभ्या असलेल्या सायलीकडे पाहिलं आणि ते खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे सिलेक्शन झालं हिचं? अरे वा! क्या बात है!"

दुसऱ्या दिवशी पहाडगंजातून पेढ्यांचा डबा घेऊन हजर. शिक्षकांना पेढे, शिपायाला पेढे, अख्ख्या तिसरीला पेढे. राहिलेले कॉलनीत वाटले. सायली त्यांच्या शेजारी मान ताठ करून उभी होती. तिची पोटदुखी त्या दिवशी जी गेली, ती पुन्हा आली नाही.

आता पंचाईत माझी! या माणसाला खरं कोण सांगणार? मी पटवर्धन बाईंना विचारलं.

"तुम्हीच सांगा. वर्ग तुमचा आहे," बाई पेढा खात म्हणाल्या.

मला काही ते जमलं नाही.

*

दाराजवळच्या टेबलासाठी पुण्याहून चित्रांची कार्डं मागवली होती. चित्र बघायचं आणि त्यावर दोन वाक्यं बोलायची. एका कार्डावर सुंदर कौलारू घर होतं. पुढे अंगण, बाजूला विहीर.

"सांगा बरं, या घराबद्दल काय वाटतं?"

सगळी सरकारी क्वार्टर्समधली मुलं; तिथे वडिलांच्या हुद्द्याप्रमाणे टाइप वन, टाइप टू अशी घरं मिळतात. खूप वेळ निरखून एकाने विचारलं, "मॅडम, हे टाइप टू आहे की टाइप थ्री?"

*

खिडकीवाल्यांना मी पाठ्यपुस्तकाच्या पलीकडचे प्रश्न द्यायचे. विचार करून, कारण शोधून उत्तर द्यायचं. एकदा मोठ्या अभिमानाने विचारलं, "मराठे इतक्या लांब पानिपतला का गेले असतील?"

समीरने क्षणभरही विचार केला नाही.

"चादरी आणायला! माझी आई पण तिथूनच आणते."

*

एकदा सायलीने मला धडा वाचून दाखवला. घडाघडा! मी खूश. मग लक्षात आलं, पान अजून मागचंच उघडं होतं आणि पोरगी पुढच्या पानावरचं बोलत होती. सगळा धडा पाठ!

"अगं, पान तरी उलट."

तिने पुस्तकच मिटलं. "मॅडम, बाबांना सांगू नका हं. रोज संध्याकाळी मी त्यांना असंच वाचून दाखवते. त्यांना वाटतं, मी हुशार आहे म्हणून इथे बसते. त्यांनी पेढे वाटलेत!"

 एवढीशी पोर आणि केवढं ओझं घेऊन फिरत होती! त्या दिवसापासून मी तिला रोज न ऐकलेली गोष्ट द्यायला लागले आणि शेजारी समीरला बसवलं. तो कधी नव्हे ते गप्प बसायचा. ती फारच अडली तर म्हणायचा, "आराम से, यार. घाई कुणाला आहे?"

*

होळीच्या आसपास सायलीने कोरं करकरीत पुस्तक वाचलं. अडखळत, पण पान जिथे उलटायला हवं तिथेच उलटून. मी आनंदाने म्हटलं, "शाब्बास! उद्यापासून तुला या वर्गात यायची गरज नाही!"

तिचा चेहरा उतरला. "मग बाबांना काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कदम तिचा हात धरून दारात उभे.

"मॅडम, कालपासून रडतेय. विशेष वर्गातून काढलं म्हणते."

मी गडबडले. "तसं नाही हो कदमसाहेब, ते जागा जरा कमी..."

सायलीने त्यांची बाही ओढली. खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, हुशार मुलं खिडकीजवळ बसतात. मी दाराजवळ होते. मला वाचता येत नव्हतं म्हणून. आता येतं, म्हणून काढलं."

 कदमांनी खाली वाकून तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली.

"ठाऊक होतं गं मला," ते म्हणाले. "पेढे काय उगाच वाटले होते?"