डोळे मिटून सांगणाऱ्या अक्का

“वो लडकी कुछ बोलतीच नै, अक्का. कैसा होता?”

“बोलत न्हाय म्हणूनच पायजे मला, युसूफभाई. पंच करणाऱ्यानं बोलायचं नसतंय.”

प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी कामावरच्या पहिल्या दिवशी मॉनिटरवरची धूळ बोटानं पुसत बसले होते. ती धूळ नव्हती, कापसाचा तूस होता. पुण्यातली नव्हे, आमच्या चादरींच्या गावातली भवानी पेठ; तिथल्या त्या गल्लीत खाली सगळीकडे यंत्रमाग. टॉवेलच्या सुताचा तूस उडत उडत पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून आत यायचा आणि दुपारच्या उन्हात इतका सावकाश तरंगायचा, की तो खाली येतोय की वर जातोय हे कळायचं नाही. न बोलणारी ती मुलगी म्हणजे मी. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. इंग्लिश लिहायला चांगलं यायचं, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. आणि मराठी बोलले की लोक ‘पुस्तकातलं बोलते’ म्हणून हसायचे. त्यापेक्षा गप्प बसावं, असं मी फार लवकर ठरवून टाकलं होतं. माझ्या गप्प बसण्यासाठी कुणी मला कामावर ठेवतंय, हे मात्र पहिल्यांदाच घडत होतं.

युसूफभाई चादरी-टॉवेलच्या कारखानदारांना नक्षी करून देत आणि ती नक्षी करत अक्का. त्यांचं नाव राजेश्वरी. पण तेलुगू विणकरांच्या घरात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि त्या सगळ्या पेठेची थोरली बहीण असल्यासारख्या वागत, त्यामुळे नाव कुणी घेत नसे. पन्नाशीच्या आसपास वय, ठेंगणा बांधा, केसांत अबोलीची वेणी. चष्मा कायम डोक्यावर. तो डोळ्यांवर फारसा यायचाच नाही, कारण काम सुरू झालं की अक्का डोळे मिटून घेत. भिंतीला पाठ टेकून, मांडीवर हात ठेवून, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत त्या सांगत जात आणि मी कीबोर्डवर टाइप करत जाई. एक ओळ संपली की म्हणत, “सरे.” तेलुगूत सरे म्हणजे ठीक. सरे ऐकलं की मी एंटर दाबायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना झोप आलीय.

हे डोळे मिटणं त्यांच्या वडिलांकडून आलं होतं. अक्का त्यांना नायना म्हणत. नायना जुन्या मागांसाठी पुठ्ठ्याची कार्डं तयार करत. ग्राफच्या कागदावरची नक्षी एकानं ओळीओळीनं मोठ्यानं सांगायची आणि दुसऱ्यानं त्याबरहुकूम पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो, आणि त्यातून चादरीवर मोर उमटतो. नायना सांगायचे आणि शाळेतून आलेली राजेश्वरी पंच करायची. पुढे पुढे नायनांना नक्षी इतकी पाठ झाली की ते ग्राफकडे बघेनासे झाले. डोळे मिटून सांगत.

“मी मधी बोलले की त्यांची वळ तुटायची,” अक्का सांगत. “मग कार्ड वाया. मोराची मान वाकडी. म्हणून तोंड बंद. शिंक आली तरी गिळायची, काय?”

आता पुठ्ठ्याची कार्डं गेली, नक्षीच्या फायली झाल्या. पण अक्कांना सांगायला आणि कुणीतरी पंच करायला अजून लागायचंच. मला हे फार आवडलं. एखाद्या कामाची रीतच अशी असावी की त्यात मी बोलणं चुकीचं ठरावं, यापेक्षा सुखाची नोकरी मला कल्पनेतही सुचली नसती.

ऑफिसातला तो डेस्कटॉप म्हातारा झाला होता. मधूनच पोटातून टकटक असा आवाज करायचा. अक्का त्याच्या पाठीवर हात ठेवत, ताप बघावा तसा. त्याच्यात नायनांची सगळी नक्षी होती. जुनी कार्डं वाळवी लागून संपत आली, तेव्हा अक्कांनी उरलेलं एकेक कार्ड उजेडापुढे धरून, भोकं वाचून, नक्षी पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवली होती. त्यात त्यांची वर्षं गेली. मग कार्डांचा पार भुगा झाला. त्यामुळे आता नायनांचे मोर, वेली, हत्ती, सगळं त्या टकटक करणाऱ्या डब्यात होतं, दुसरीकडे कुठंही नव्हतं. एका कारखानदारानं सुचवलं, सगळं क्लाउडवर टाका. ब्राउझरमधून टाकायला गेलो तर एवढ्या फायलींनी ब्राउझर गुदमरायचा. तेव्हा अक्कांनी ठरवलं की कमांड लाइनचं टूल बसवायचं, म्हणजे स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एकेक हुकूम टाइप करून काम करायचं.

हे सगळं अक्का व्हिडिओवरून शिकल्या. म्हणजे बघून नव्हे, ऐकून. घरी स्वयंपाक करताना मोबाइल रिकाम्या स्टीलच्या पेल्यात उभा करायचा, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि कणीक मळता मळता ऐकत राहायचं. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून, डोळे मिटून ते मला सांगायचं.

इन्स्टॉल करणं सोपं गेलं. मग काळ्या खिडकीत टूलचं नाव टाइप करून व्हर्जन विचारलं, तर ती म्हणाली, असलं काही मला ओळखू येत नाही. कीबोर्डचा आवाज थांबला तशी अक्कांना व्हिडिओत ऐकलेली ही अडचण आठवली. अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, “ही खिडकी आदीपासून उघडी हाय की. घरात नवीन माणूस आलंय ते तिला म्हायतीच न्हाय. बंद कर, दुसरी उघड.” मी दुसरी उघडली. त्या खिडकीनं टूलला लगेच ओळखलं.

नंतर आलं कॉन्फिगर करणं. खात्याची किल्ली घातली, गुप्त किल्ली घातली. मग त्यानं विचारलं, रीजन कुठला? म्हणजे आपल्या फायली कुठल्या गावच्या मशीनवर राहणार. मुंबई होतं, हैदराबाद होतं. मी थांबले. अक्कांनी डोळे उघडले आणि खिडकीबाहेर बघितलं. खाली मागांचा खटखट आवाज चालू होता. उन्हात तूस तरंगत होता.

“आमचे पणजोबा तिकडनं चालत आले म्हणं,” त्या म्हणाल्या. “डोक्यावर हातमागाची फणी घेऊन. किती दिवस चालले कुणास ठाऊक. नायनांना एकदा तिकडं जायचं होतं, र्‍हायलंच.” मग पुन्हा डोळे मिटून म्हणाल्या, “हैदराबाद टाक, पिल्ला. जाऊ दे की नक्षी तरी. सरे.”

पिल्ला म्हणजे तेलुगूत पोरगी. मी एंटर दाबला. खिडकीनं काहीच उत्तर दिलं नाही. फक्त पुढची रिकामी ओळ आली आणि कर्सर लुकलुकत राहिला.

“काय म्हणतंय?”

मी मान हलवली, पण त्यांना दिसलं नाही. त्यांनी माझ्या शांततेवरूनच ओळखलं. “काय म्हणत न्हाय म्हणजे बरोबर हाय. मशीन गप्प बसलं की समजायचं, काम झालं.”

हे खरंही होतं. त्या काळ्या खिडकीची रीतच तशी आहे. चुकलं तर ती बोलते, बरोबर असेल तर गप्प राहते. त्या दुपारी मला ती खिडकी माझीच कुणी नातेवाईक वाटली. पुढचे कित्येक दिवस आम्ही तिघी, अक्का, मी आणि ती, अशा संथ चालीत काम करत राहिलो. बाहेर ऊन तापायचं, पंखा गरगरायचा, अक्कांचा आवाज लांबून यावा तसा यायचा. कधीकधी मला वाटायचं की मी टाइप करत नाहीये, कुणाच्या तरी स्वप्नात अक्षरं पेरतेय.

अक्कांची एक सवय मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आली. त्या नेहमी आधी ‘कुठे’ सांगत, मग ‘काय’. नायनांची रीत तीच होती. कार्डावर आधी जागा सांगायची, मग भोक. “आदी कुटं, मग काय,” असं अक्का अगदी गाण्यासारखं म्हणत. पण त्या टूलचं उलट होतं. त्याला आधी ‘कुठून’ हवं, मग ‘कुठे’. अक्का सांगायच्या, हैदराबादच्या अमुक फोल्डरात, आपल्या मशीनमधली अमुक फाइल. मी ऐकायची आणि टाइप करताना दोन्हींची गुपचूप अदलाबदल करायची. फाइल नीट पोचायची. खिडकी गप्प राहायची. मीही.

अशातच मला पुण्यात नोकरी लागली. मी ते अक्कांना चिठ्ठीवर लिहून सांगितलं. त्यांनी चष्मा खाली ओढून चिठ्ठी वाचली, ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, “चांगलं झालं. पुण्यात बोलावं लागतंय बग.” मग हसून माझ्या केसांत स्वतःच्या वेणीतली अबोली खोचली. युसूफभाईंनी विचारलं, “अब कौन पंच करेगा?” अक्का म्हणाल्या, “मीच सांगणार, मीच करणार. हाताला सवय हाय की लहानपणाची. हिच्यासंगं रोज तेच तर केलंय.”

माझा शेवटचा दिवस शनिवार होता. डेस्कटॉपची टकटक वाढली होती. आतापर्यंत हात बसावा म्हणून कारखानदारांच्या नव्या फायलीच थोड्या थोड्या पाठवल्या होत्या; आता तसं करत बसण्यात अर्थ नव्हता. अक्कांनी नायनांची सगळी नक्षी एकदम पाठवायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी रात्री नवीन कमांड ऐकून आल्या होत्या. तिचं काम असं, की दोन जागा तंतोतंत सारख्या करायच्या. पहिल्या जागेत जे आहे ते दुसरीत न्यायचं, आणि पहिल्या जागेत जे नाही ते दुसऱ्या जागेतून पुसून टाकायचं. हे पुसायचं शेपूट त्यांनी मुद्दाम जोडून घेतलं होतं. “कचरा र्‍हायला नको,” म्हणाल्या. सोमवारपासून रोज संध्याकाळी ही एकच कमांड त्या स्वतः चालवणार होत्या.

हैदराबादला त्यांनी एक नवं कोरं फोल्डर केलं होतं. त्याला नायनांचं नाव दिलं होतं. ते रिकामं होतं.

त्या भिंतीला टेकल्या. डोळे मिटले. अंगठा पेरांवरून फिरू लागला. त्यांनी आधी हैदराबादचं फोल्डर सांगितलं, मग आपल्या मशीनमधलं, मग ते शेपूट. त्या दिवशी मी अदलाबदल केली नाही. का, ते नीट सांगता येत नाही. सोमवारी त्या एकट्या इथे बसून काय टाइप करतील, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. जसं सांगितलं तसं टाइप केलं आणि ओळ वाचली. पहिली जागा रिकामी. दुसरीत नायनांचं सगळं. एंटर दाबला की हा डबा त्या रिकाम्या फोल्डरासारखा होणार होता, मोर आणि वेली आणि हत्तींसकट. आणि खिडकी एका शब्दानं तक्रार करणार नव्हती.

“सरे,” अक्का म्हणाल्या.

मी एंटरवरून बोट काढून घेतलं. पंखा फिरत होता. खाली एक माग बंद पडला होता, बाकीचे चालू होते. शब्द मागेपुढे करणं मला अजूनही शक्य होतं. नेहमीसारखे बदलायचे, एंटर दाबायचा, नक्षी हैदराबादला पोचेल, मी पुण्याला पोचेन. आणि सोमवारी संध्याकाळी अक्का या खुर्चीत बसतील, डोळे मिटतील आणि आधी कुठे, मग काय, असं म्हणत स्वतःच पंच करतील. त्यांची रीत बरोबर आहे असं त्यांना वाटत होतं, कारण मी रोज तसं वाटू दिलं होतं.

“सरे,” त्या पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं.

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. मग लक्षात आलं, त्यांचे डोळे मिटलेले आहेत. मी खुर्ची वाजवली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ओळ तुटू नये म्हणून नायनांनी त्यांना थांबवलं असेल ना, अगदी तसं.

“पिल्ला, हात दुखतोय काय? दाब की.”

मी तोंड उघडलं. आवाज निघाला तेव्हा तो खरोखर पुस्तकातल्यासारखाच निघाला, पण निघाला.

“अक्का, डोळे उघडा. हे उलटं आहे, याने सगळं पुसलं जाईल. आधी कुठून, मग कुठे. तुम्ही इकडे कीबोर्डपाशी येऊन बसा. आज मी सांगते, तुम्ही पंच करा.”