खोटं वजन
ओल्या कापसाचा कुबट वास आला की माझं डोकं आजही फिरतं. कापसाची ती वाईट वर्षं होती. घाटंजीत मामाच्या घरी एक कापूस व्यापारी आपल्या मुलासाठी मला बघायला आला होता, आणि खिडकीखालून अवकाळीत भिजलेल्या कापसाच्या गाड्या त्याच्याच वजनकाट्याकडे सरकत होत्या. बशीतून चहा भुरकत तो म्हणाला, "लोकं वजन वाढवाले पाणी मारून आणतेत, सारे चोर हायेत." मग माझ्याकडे वळला, "तू काय शिकून राह्यली वो पोरी?" मुलगा माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघत होता. मी चिडून सांगितलं, "गेज क्षेत्रं. अणूच्या पोटातल्या बलांचं गणित. ते कॉम्प्युटरवर एका जाळीत मांडतो. प्रत्येक शक्यतेला नेहमीचं वजन दिलं की कॉम्प्युटर त्याच त्या शक्यतांच्या खड्ड्यात अडकून बसतो, म्हणून आम्ही मुद्दाम खोटं वजन लावतो." त्याची बशी ओठाशीच थांबली. "माह्या काट्याचं तुले कोणं सांगतलं?" मामानं डोळे मिटले. मी म्हटलं, "तुमच्या काट्याचं मला माहीतच नव्हतं. आम्ही तर शेवटी ती खोट हिशेबात भरून काढतो. तुम्ही काढता का?" तो मुलाला दंडाला धरून निघून गेला, आणि मामानं माझ्याशी बोलणं टाकलं. आता मी शिकवते त्या वर्गात कुणी ना कुणी विचारतंच, खोट्या वजनातून खरं उत्तर कसं निघेल? मला ओठाशी थांबलेली ती बशी दिसते. मी म्हणते, निघतं. ते निघताना मी पाहिलंय.